जातं तुझ्या डोक्यावर ठेवू देणार न्हाई

बसूची माय,

तू गेल्यापासून लोक माझ्यापुढं बसून तुझं खोटं कौतुक करायलेत. मला ते ऐकवत न्हाई, आणि दुखवट्याला आलेल्या माणसापुढून उठून जाताबी येत न्हाई. म्हणून तुझ्याशीच बोलतो. चौथी शिकलेला माणूस लिहील तसं लिहायलो. लिहिण्यातल्या चुका तू काढणार न्हाईस, तुला वाचताच येत नव्हतं. बाकी माझ्या सगळ्या कामात काढायचीस.

लोक काय म्हणायलेत ते ऐक. तुझी भावजय आली, डोळ्याला पदर लावून म्हणाली, “काय ती माउली! पहाटं उठून जात्यावर बसायची. ओव्या म्हणत पायली-पायली दळायची. म्हणून तर हातीपायी धड राहिली. आताच्या बायकांना मशीननं बसवून ठेवलंय.” हे कोण म्हणायलंय? जिच्या घरात घरघंटी हाय, मिक्सर हाय, कपडे धुवायची मशीन हाय, ती. तिच्या मागं बसलेले सगळे मान हलवायले. जुनं ते सोनं म्हणायले. त्या खोलीत एकट्या मला ठावं होतं की तुला त्या जात्याचा किती राग होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, “सोनं हाय तर घेऊन जा की वैनी, रिक्षात घालून देते.”

ओव्या म्हणायचीस हे खरं. पण काय म्हणायचीस हे कुणी ऐकलं? मी ऐकलंय. भिताडाच्या पलीकडं मी निजलेला असायचो. समोरच्या बाजूनं माझी माय खुंटा धरायची, अलीकडून तू. जोवर माय समोर हाय तोवर देवाच्या ओव्या. माय पाणी प्यायला उठली की त्याच चालीवर माझ्या आत्याचा उद्धार. आत्यानं तुझ्या लग्नात हलकं लुगडं नेसवलं होतं, ते तू जात्यात घालून किती वर्सं दळलंस देव जाणे. मला हसू यायचं, पण हसलो तर तुला कळलं असतं मी जागा हाय, आणि जागा हाय तर उठून एक घास दळण वढा म्हणाली असतीस.

तुझ्या हाताला घट्टे पडलेले. बसू पोटात असतानाबी वढलंस. ते लोक सांगत न्हाईत. ओव्या सांगत्यात.

आता तुझ्या लेकाचं ऐक. नांदेडला कॉलेजात पोरं शिकवतो, पण घरी आला की मलाच शिकवायला बसतो. तुझ्या दिवसकार्याची गणाराधना झाली आणि तिसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन माझ्यापुढं आला. त्यात चित्र. आपल्या शेतातली तुझी समाधी, त्यावर काळ्या फरशीचा ओटा, आणि ओट्याच्या मधोमध जात्याची वरची तळी सिमेंटात बसवलेली.

“आप्पा, हे अव्वाच्या कष्टाचं प्रतीक हाय,” म्हणाला.

“प्रतीक म्हंजे?”

“खूण. बघणाऱ्याला कळलं पाहिजे अव्वानं काय सोसलं.”

“मग दुसरी खूण बघ. ते जातं तिच्यावर ठेवायचं न्हाई.”

“का पण?”

“तिला आवडायचं न्हाई.”

सारिका चहा घेऊन आली होती. तुझी सून गुणाची हाय, पण तिलाबी चित्र आवडलेलं. “आप्पा, अव्वा कशाला न्हाई म्हणतील? येळवशीच्या अवसंला सगळे पाहुणे शेतात जेवायला येतेत. आमटी-भजी घेऊन आधी अव्वाच्या ओट्याला नैवेद्य दाखवू. किती चांगलं दिसंल.”

दिसंल. मी त्यांना काय सांगू? आपल्यात माती देताना माणसाला निजवत न्हाईत, बसवतेत. तुला भस्म लावून, हातात इष्टलिंग देऊन, मांडी घालून बसवलंय मी माझ्या डोळ्यादेखत. वर माती हाय, खाली तू बसलीस. आणि ह्यांना बरोबर तुझ्या डोक्यावर ते जातं ठेवायचंय. जन्मभर हातानं वढलंस ते थोडं झालं म्हणून आता डोक्यावर घेऊन बसायचं, आणि पाहुण्यांनी येळवशीला भजी खात म्हणायचं, बघा कशी बसलीय.

मी न्हाई म्हणलो तर बसू म्हणाला, “आप्पा, तुम्ही दुःखात हाव. नंतर बोलू.” शिकलेल्या माणसाचं हे एक बरं हाय. आपलं पटलं न्हाई की समोरचा दुःखात असतो.

दुःखात मी हायच. पण रागातबी हाय, आणि राग जास्ती हाय.

राग तर तुझा खड्डा खणला तेव्हापासूनचा हाय. तुला सांगायचं राहिलं, तुझा खड्डा जेसीबीनं खणला. माझ्या बापाला बसवलं तेव्हा गल्लीतली माणसं टिकाव-फावडी घेऊन पळत आली होती, कुणाला बोलवावं लागलं न्हाई. आता गावात खणणारा माणूस न्हाई. हायेत ते माझ्यावानी म्हातारे, नाहीतर मोबाईल बघत पारावर बसलेले. एकजण म्हणाला, “आप्पा, जेसीबी बोलवू का? पंधरा मिनिटात मोकळं.” आला, दोनदा सोंड घातली, मोकळं. तुला बसवायचा कोनाडा तेवढा मशीनला जमंना, तो दोघांनी खाली उतरून हातानं कोरला. मला वाटलं, हिच्यासाठी कुणाच्या हाताला फोडबी आला न्हाई. मी जेसीबीवाल्याला लई बोललो. तो बिचारा टोपी काढून उभा.

आणि मग मला तुझा आवाज ऐकू आल्यासारखा झाला. “बरं झालं की. माझ्यापायी कुणाचं कंबरडं मोडलं न्हाई.”

हेच आपलं भांडण होतं, न्हाई का? लग्न झाल्यापासून तेच. नवं काही आलं की तू पुढं, मी मागं.

गावात पहिली चक्की आली तेव्हाची गोष्ट. डिझेलचं इंजिन, वर धुराड्याला डबडं बांधलेलं, पुक पुक पुक आवाज शिवारभर. माझा बाप म्हणाला, चक्कीचं पीठ जळतं, त्यातला जीव जातो, आपल्या घरात ते येणार न्हाई. मी बापाची बाजू घेतली. बाप म्हणून न्हाई, खरंच चव कळते म्हणून. एक दिवस पाट्यावरचा ठेचा आणि दोन भाकरी माझ्यापुढं ठेवल्यास. “एक जात्याच्या पिठाची, एक चक्कीच्या. वळखा.” मायबी बघत होती. मी दोन्ही खाल्ल्या, नीट चावून खाल्ल्या, आणि एकीवर बोट ठेवलं, ही जात्याची. तू पदरात तोंड घालून हसलीस. “ती चक्कीची.” माय तुझ्यासंगं हसली, सासू असून. दुसऱ्या दिवशी तू डोक्यावर टोपलं घेऊन चक्कीच्या रांगेत. बापानं हूं केलं न्हाई.

तू त्या भाकरी बदलल्या होत्यास. मी तेव्हाबी म्हणलो, नंतरबी म्हणलो. तू नुसती हसायचीस. दवाखान्यात नळ्या लावल्या होत्या तेव्हा मी सहज विचारलं, आता तरी सांग. तेव्हाबी हसलीस.

चक्की आल्यावर त्या जात्याचं तू काय केलंस हे बसूला आठवत न्हाई, का आठवून घ्यायचं न्हाई, कुणास ठाऊक. खालची तळी पाण्याच्या पिंपाखाली. वरची न्हाणीत. न्हाताना रोज त्यावर टाचा घासायचीस. म्हणायचीस, “लई सेवा केली तुझी. आता तू माझी कर.” आता तीच तळी बसूनं न्हाणीतून काढली, घासली, भस्म लावलं, हार घातला. तुझ्या टाचांनी गुळगुळीत झालेला दगड. पाया पडायले लोक त्याच्या.

पण तू सगळ्याच मशीनच्या बाजूची नव्हतीस. हे मी सांगितलं पाहिजे, न्हाईतर मीबी खोटं कौतुक करायलो असं होईल.

बैलं विकली, ट्रॅक्टर आला, तेव्हा मला वाटलं तू खुश होशील. शेणाचा व्याप गेला, वैरणीचा गेला. तू न्हाणीत जाऊन रडलीस. बैलांसाठी रडली म्हणून मी समजूत काढायला गेलो. “बैलांचं न्हाई वो,” म्हणालीस, “चाड्याचं.”

पेरायच्या तिफनीवरचं ते लाकडी वाडग्यासारखं चाडं. मी पुढं बैलं हाकायचो, तू मागं चालत मुठीनं चाड्यात बी सोडायचीस. ना दाट ना पातळ. दुसऱ्याच्या पेरणीलाबी तुला मूठ धरायला बोलवायचे, साडी-चोळी द्यायचे. शिरूरपासून माणूस आला होता एकदा. आणि दिवसभर तासामागून तास आपली बडबड. घरात माय-बाप, पोरं, पाहुणे. आपल्याला बोलायला जागा तेवढीच होती, तिफनीच्या मागं-पुढं. मी तोंड पुढं ठेवून बोलायचो, तू माझ्या पाठीशी भांडायचीस. बसूचं नाव तिथंच ठरलं. पोरीचं लग्न तिथंच मोडलं आणि तिथंच जुळवलं.

ट्रॅक्टरच्या मागं पेटी आली. पेटीत बी वता, चाकं फिरतेत, बी पडतं. तुझ्या मुठीचं काम संपलं. माझंबी संपलं म्हणा. आपण दोघं बांधावर उभे राहिलो, ट्रॅक्टरवाला अजीम वर बसून, गाणी लावून. दुपारच्या आत पेरणी झाली. घरी आलो, हातपाय धुतले, आणि एकमेकांकडं बघत बसलो. तू म्हणालीस, “आता काय करायचं?” मी म्हणलो, “तूच म्हणायचीस ना मशीन पाहिजे.”

तेव्हा तू जे म्हणालीस ते मी अजून धरून बसलोय. म्हणालीस, “जातं गेलं ते बरं झालं. चाडं गेलं ते बरं न्हाई झालं. दोन्ही एका टोपल्यात घालू नका.”

बघ, एवढं सोपं हाय. आणि हे नांदेडला शिकवणाऱ्याला कळंना. दुखवट्याला आलेल्यांना कळंना. त्यांच्या टोपल्यात सगळं एकच, जुनं. जे तुझ्या जिवावर उठलं होतं तेबी जुनं, जे तुझ्या जिवाचं होतं तेबी जुनं.

मग सोयाबीन आलं. ज्वारीच गेली. ज्वारी न्हाई तर कडबा न्हाई, कडबा न्हाई तर म्हैस न्हाई. आधी सोयाबीन काढायला बायकांच्या टोळ्या यायच्या, तू त्यांच्या पुढं. आता हार्वेस्टर येतो, रान भादरून जातो. ज्वारी पिकवणारे आपण, आता ज्वारी दुकानातून आणतो. परवापरवापासून तर पीठच पिशवीत येतं. ज्या चक्कीपायी तू घरात लढाई केलीस ती चक्कीबी बंद पडली, तिथं मोबाईलचं दुकान हाय. पिशवीचं पीठ बघून तू सारिकाला विचारलंस, “कुणी दळलंय ग?” ती म्हणाली, “कंपनीनं.” तू म्हणालीस, “तिला आत्यासासू न्हाई वाटतं, गुपचाप दळलंय.”

एकदा मला विचारलंस, “एवढी मशीनं आली. पहाट वाचली, पेरणी वाचली, काढणी वाचली. वाचलेला येळ गेला कुठं? तुमच्यापाशी हाय का?” मी म्हणलो, माझ्यापाशी कुठला. तू म्हणालीस, “माझ्यापाशीबी न्हाई. कुणी नेला?” मी म्हणलो, टीव्हीनं. तू म्हणालीस, चेष्टा करू नका, सांगा. मला सांगता आलं न्हाई. आजबी येत न्हाई. तू गेल्यावर लई येळ आलाय बघ माझ्यापाशी. सगळा एकदम. कुठं ठेवू ते कळंना.

तर जात्याचं काय झालं ते सांगतो.

बसूनं माझं ऐकलं न्हाई. रेणापूरचा गवंडी सांगून ठेवला, आणि दिवाळीच्या आधीच्या सोमवारी तळी रिक्षात घालून शेतात नेली. तुझ्या मातीशेजारी हारासकट ठेवली. गवंडी दुसऱ्या दिवशी येणार. मी मंगळवारी सकाळीच शेतात गेलो. भांडायचंच म्हणून गेलो होतो. ठरवलं होतं, त्या ढिगाऱ्यावर आडवा पडतो, म्हणतो लाव माझ्यावर सिमेंट.

शेतात अजीम आधीच होता. हरबऱ्यासाठी रान करायलेला. रोटाव्हेटर मारून झाला होता, मागं लाकडी फळी बांधून सपाट करायलेला. पण फळी हलकी. ढेकळावरून उड्या मारायली. त्यानं ट्रॅक्टर थांबवला.

“आप्पा, फळी बसना. कायतरी वजन द्या. दगड बिगड.”

आता दगड कुठला आणू? बांधावरचे दगड जेसीबीनं नेले, आणि बांध तर तसाबी राहिला न्हाई. मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. अख्ख्या रानात दगड एकच. हार घातलेला.

मी जाऊन हार काढला. हार तुझ्या मातीवर ठेवला, तो तुझाच होता. तळी गडगडत आणली.

अजीम खाली उतरला. “आप्पा, हे अम्माचं हाय.”

“हाय तर. तिचंच हाय. बांध.”

“बसूभाऊ मला हाणतील.”

“बसूला मी बघतो. मधी भोक हाय बघ, दोरी ओव.”

“पाप लागंल का वो आप्पा?”

“ती रोज टाचा घासायची ह्यावर. काही लागलं न्हाई तिला. बांध, ऊन व्हायलंय.”

त्यानं कान धरला, मग दोरी ओवली, गच्च आवळली. ट्रॅक्टर चालू केला. फळी खाली बसली, आणि ढेकळं फुटायला लागली, काय सांगू. मागं रान चादर अंथरल्यासारखं. मी तुझ्याशेजारी बसलो. ट्रॅक्टर वळून आला की तुला सांगायचो, आलं बघ.

बसू गवंड्याला गाडीवर मागं बसवून आला. ढिगाऱ्यापाशी हार बघितला, दगड न्हाई.

“आप्पा, जातं कुठाय?”

“फिरायलंय.”

त्याला कळंना. मी बोट दाखवलं. त्यानं बघितलं, आणि त्याचं तोंड असं झालं की मला वाटलं आता हा मला बापबी म्हणणार न्हाई.

“आप्पा, ती आठवण होती अव्वाची.”

“तिला नको होती. एवढी वर्सं ती वढत होती, आता मशीन वढायलंय. तिला हेच पाहिजे होतं. तू तिच्या डोक्यावर ठेवणार होतास.”

बसायला बांध नव्हता, तो तिथं मातीतच खाली बसला. प्यांटचा इचार केला न्हाई. आणि म्हणाला, “मी तिच्या मांडीवर निजायचो आप्पा. ती दळायची तेव्हा. ती पुढं-मागं व्हायची, मी हलायचो. मला दुसरं कुठं झोप यायची न्हाई. मला तेवढंच आठवतंय. प्रतीक-बितीक मी उगंच म्हणलो.”

बसूची माय, हे मला ठावं होतं. मी बघितलंय, तो तुझ्या मांडीवर, तोंडावर पिठाची पांढरी धूळ. पण माझ्या भांडणात मी ते धरलंच नव्हतं. तुझं खरं होतं, तर त्याचं खोटं असलं पाहिजे असं मला वाटत होतं. गवंडी थापी हातात घेऊन उभा. “मग मालक, मी काय करू?” म्हणाला. मी म्हणलो, “बस. थर्मासमधी चहा हाय.”

तेवढ्यात अजीम वळून आला, ट्रॅक्टर थांबवला. बसूला बघून पार भेदरलेला, काय बोलावं म्हणून काहीबी बोलला. “बसूभाऊ, ह्या कोपऱ्यात कडक हाय. अजून वजन असतं तर…”

बसू उठला. चपला काढल्या. मला वाटलं अजीमच्या अंगावर जातो. तो गेला आणि फळीवर, जात्याच्या शेजारी, मांडी घालून बसला. लहानपणी वखरावर बसायचा तसा. एक हात दगडावर ठेवला.

“हळू चालव रे,” मी अजीमला म्हणलो.

चालला. नांदेडचा प्रोफेसर धुळीत पांढरा होत, पुढं-मागं हलत, सगळं रान फिरला. तुझ्या भोवतीनं चार फेरे झाले. गवंडी चहा पिता पिता म्हणाला, “एवढा मोठा माणूस, बघा की.” मी त्याला म्हणलो, तू चहा पी.

ओटा केला न्हाई. तुझ्यावर मातीच हाय. तळी अजीमच्या अवजारात हाय, फळीला ती बरी पडते म्हणतो, दुसऱ्यांच्या रानातबी घेऊन जातो. तू जात न्हाईस कुठं, ती हिंडते.

हरबरा पेटीनंच पेरला. पण तुझ्या भोवती ट्रॅक्टरला वळता येईना, तेवढं कडं रिकामं राहिलं. तिथं मी मुठीनं बी टाकलं. आपण जन्मभर जोडीनं पेरलं, पण मूठ तुझी होती, मी नुसत्या बैलाच्या शेपट्या धरल्या. आता उगवून आलाय. एका जागी पुंजका, एका जागी टक्कल. सगळं रान सरळ रेघांचं, आणि तुझ्या भोवती हे. येळवशीला पाहुणे येतील, हसतील, विचारतील हे कुणी पेरलं. मी सांगणार हाय, मी पेरलं, पेरायची मूठ ही आपल्यासंगं घेऊन गेली.

राग अजून गेला न्हाई माझा. कुणावर हाय तेबी आता नीट सांगता येत न्हाई. सकाळी सारिकानं पिशवीच्या पिठाची भाकर वाढली. खाल्ली. बरी होती, हे मी तिला म्हणलो न्हाई.

पण तू त्या भाकरी बदलल्या होत्यास. मी मरेपर्यंत हेच म्हणणार. तू बदलल्या नव्हत्यास, तर ये आणि मला खोटं पाड.